पुराव्याचा खर्च कोणी उचलायचा?

देशातल्या विज्ञानव्यवस्थेची फेरमांडणी सध्या जोरात सुरू आहे. संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’चा कायदा संमत केला आणि २००८ च्या कायद्याने स्थापन झालेले विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झाले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करण्याचे उद्दिष्ट तेव्हाच जाहीर झाले होते आणि त्यातला मोठा वाटा, म्हणजे ३६,००० कोटी, उद्योग व देणगीदार अशा बिगरसरकारी स्रोतांकडून येईल अशी अपेक्षा होती. पुढे १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास व नवोपक्रम योजनेसाठी एक लाख कोटी रुपयांच्या निधीला मान्यता दिली आणि नोव्हेंबरात योजनेचा शुभारंभही झाला. आपला संशोधनावरचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्क्यांच्या आसपास रेंगाळलेला आहे आणि त्यातही खासगी क्षेत्राचा वाटा निम्म्याहून बराच कमी आहे. हे ध्यानात घेता या सुधारणांच्या दिशेबद्दल तक्रार करण्याजोगे काही नाही.

प्रश्न दिशेचा नाही, पैशाच्या रूपाचा आहे. या नव्या निधीतून ज्या क्षेत्रांना साहाय्य मिळायचे आहे त्यांच्या यादीत वैद्यकीय उपकरणांचाही समावेश आहे. मात्र तो पैसा मुख्यतः दीर्घ मुदतीचे, अल्प किंवा शून्य व्याजाचे कर्ज आणि भागभांडवल अशा रूपात मिळेल. बॅटरी बनवणाऱ्या किंवा उपग्रहाचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीला ही रचना सोयीची असू शकेल. निदानाचे यंत्र, शरीरात बसवायचे रोपण किंवा नवजात बाळाच्या श्वासावर लक्ष ठेवणारे साधन बनवणाऱ्या छोट्या कंपनीची अडचण मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. तिचे उपकरण तयार असते, परवान्याची वाटही कायद्याने आखून दिलेली असते. पण ते माणसावर सुरक्षित आहे आणि आजच्या उपचारापेक्षा बरे आहे, याचा पुरावा उभा करायला लागणारा वेळ, रुग्णालय आणि पैसा तिच्याजवळ नसतो. सरकारला या कंपन्यांना खरोखर हात द्यायचा असेल, तर त्याने कंपन्यांना भांडवल पुरवण्याआधी पुराव्याचा खर्च उचलावा आणि तो पुरावा चांगला निघाला तर सरकारी रुग्णालयाने पहिले गिऱ्हाईक व्हावे, असे मला वाटते.

भारतात लागणाऱ्या वैद्यकीय उपकरणांपैकी सुमारे ७० ते ८० टक्के आयात होतात, हा आकडा गेली कित्येक वर्षे सरकारी कागदपत्रांत आणि उद्योगसंघटनांच्या निवेदनांत सारखाच फिरतो आहे. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरणात जागतिक बाजारपेठेतला आपला वाटा दीड टक्का असल्याचे नमूद आहे. त्याआधी, २०२० मध्ये, उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनाची ३,४२० कोटींची योजना आली; तमिळनाडू, मध्य प्रदेश, हिमाचल प्रदेश आणि उत्तर प्रदेश या राज्यांत उपकरण उद्यानांना मंजुरी मिळाली. या साऱ्या योजनांचा भर कारखान्यावर होता. कारखाना हवाच, त्याला कोण नाही म्हणेल? पण परदेशात सिद्ध झालेले यंत्र इथे जोडणे आणि इथल्या आजारासाठी इथे सुचलेले यंत्र सिद्ध करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामासाठी कारखान्याआधी रुग्णालय लागते.

हे काम आपल्याकडे एकदा नीट झालेले आहे, म्हणून त्याचा तपशील पाहणे उपयोगाचे ठरेल. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत शल्यचिकित्सक डॉ. एम. एस. वलियाथन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हृदयाची कृत्रिम झडप तयार करण्याचे काम हाती घेतले. संधिवाताच्या तापाने तरुणपणीच झडपा निकामी झालेले रुग्ण रोज समोर येत होते आणि आयात झडप त्यांच्या आवाक्याबाहेर होती. पहिली तीन प्रारूपे निरनिराळ्या कारणांनी टाकून द्यावी लागली. कधी धातूने दगा दिला, कधी चकतीने. चौथ्या प्रारूपात क्रोम-कोबाल्टच्या मिश्रधातूचा पिंजरा, अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिनची चकती आणि पॉलिएस्टरची शिवणकडी असा मेळ जमला, मेंढ्यांवरच्या चाचण्यांत तो टिकला आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्या रुग्णाला ती झडप बसली. त्यानंतर अनेक रुग्णालयांत रुग्णांवर लक्ष ठेवून तिची पारख झाली, उत्पादन एका खासगी कंपनीने हाती घेतले आणि आजवर एक लाखाहून अधिक झडपा वापरल्या गेल्या.

या हकिगतीतला राष्ट्राभिमान आपण पुष्कळ वेळा आळवला आहे. तिचे अर्थकारण मात्र फारसे कोणी पाहत नाही. कल्पना सुचल्यापासून पहिल्या रुग्णापर्यंत दशकाहून अधिक काळ गेला. त्या काळात तीनदा अपयश आले आणि त्या अपयशाची किंमत कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात नव्हती, ती संसदेने १९८० मध्ये राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून मान्यता दिलेल्या एका सार्वजनिक संस्थेने सोसली. शस्त्रक्रियागृह आणि कार्यशाळा एकाच संस्थेच्या छत्राखाली होती, त्यामुळे डॉक्टरचा आक्षेप अभियंत्यापर्यंत पोचायला कराराची किंवा पत्रव्यवहाराची गरज पडत नव्हती. कंपनी आली ती शेवटच्या टप्प्यावर, जेव्हा धोका बराचसा ओसरला होता. आज आपण तेच काम चार-पाच तरुण अभियंत्यांच्या कंपनीने, कर्जाच्या पैशावर, तीन-चार वर्षांत करावे अशी अपेक्षा धरतो.

मधल्या काळात कायदाही बदलला, आणि तो चांगल्यासाठी बदलला. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, १ एप्रिल २०२० पासून सगळीच उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आणि जोखमीनुसार अ, ब, क, ड असे वर्ग पाडून कमी जोखमीच्या पहिल्या दोन वर्गांना ऑक्टोबर २०२२ पासून, तर क आणि ड वर्गांना ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. त्याआधी मोजके गट सोडले तर बाजारात काय विकले जाते यावर कोणाचाच वचक नव्हता. नियमन म्हणजे उद्योगाच्या पायातली बेडी, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. २०१० मध्ये जगभरातून परत मागवलेल्या एका कृत्रिम खुब्याच्या प्रकरणात आपल्याकडच्या अनेक रुग्णांचा मागच लागला नाही आणि अखेर २०१८ मध्ये केंद्र सरकारला भरपाईचे सूत्र ठरवण्याची वेळ आली. ज्यांच्या शरीरात तो धातू झिजत राहिला त्यांना नियमनाचा जाच कळत नाही, त्याचा अभाव कळतो.

पण नियम कडक केले की ते पाळण्याचा खर्च वाढतो आणि तो कोणावर पडतो हे सांगण्याची जबाबदारीही नियम करणाऱ्यावर येते. उदाहरण म्हणून एक साधी नळी घेऊ, निर्जंतुक पाकिटात विकली जाणारी. पाकिटावर ‘दोन वर्षे टिकेल’ असे छापायचे तर ते सिद्ध करावे लागते. प्रत्यक्ष दोन वर्षे थांबणे शक्य नसते म्हणून पाकिटे ५५ अंश सेल्सिअसला ठेवून जलद जीर्णन चाचणी करतात. तापमान दर १० अंशांनी वाढले की जीर्ण होण्याचा वेग दुप्पट होतो या गृहीतकावर २५ अंशांच्या दोन वर्षांसाठी सुमारे तीन महिने लागतात. मग पाकिटाची शिवण सुटली का, नळीत जंतू शिरू शकतात का, हे पाहायचे. निर्जंतुकीकरणाला वापरलेल्या इथिलीन ऑक्साइडचा अंश किती उरला ते मोजायचे. नळीचा पदार्थ पेशींना अपायकारक नाही, त्वचेला खाज आणत नाही, याचे निराळे अहवाल. मध्येच पुरवठादाराने प्लास्टिकचा दर्जा बदलला की यातले बरेचसे पुन्हा. आणि इथवर अजून एकाही रुग्णाला हात लागलेला नाही.

खरा खर्च त्यापुढे आहे. नव्या धाटणीच्या उपकरणासाठी आधी पथदर्शी आणि मग मुख्य चिकित्सालयीन अभ्यास करावा लागतो. त्याला नैतिकता समितीची मान्यता, रुग्णांची लेखी संमती, काही इजा झाल्यास उपचार आणि भरपाईची तरतूद, आणि हे सगळे नोंदवणारी माणसे लागतात. नवउद्योगांना मदत करणाऱ्या ‘बायरॅक’ या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचे ५० लाखांपर्यंतचे ‘बिग’ अनुदान १८ महिन्यांचे असते. कल्पनेचे प्रारूप होईपर्यंत ते उत्तम काम करते आणि पुण्याच्या व्हेंचर सेंटरसारख्या केंद्रांतून आणि आयआयटी मुंबईच्या ‘बेटिक’ या वैद्यकीय उपकरण केंद्रातून जी साधने पुढे आली, त्यांच्यामागे असे सुरुवातीचे सार्वजनिक पाठबळ होते. प्रारूपानंतर मात्र अनुदान संपलेले असते आणि गुंतवणूकदार म्हणतो, आधी पुरावा आणा. तो तरी दुसरे काय म्हणणार?

ही पोकळी सरकारला दिसलेली नाही असेही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये औषधनिर्माण विभागाने उपकरण उद्योगाच्या बळकटीसाठी ५०० कोटींची योजना आणली आणि तिच्यात चिकित्सालयीन अभ्यासांसाठी १०० कोटी राखले. कल्पना अगदी योग्य आहे. ही रक्कम तीन वर्षांसाठी, साऱ्या देशातल्या, साऱ्या वर्गांच्या उपकरणांसाठी आहे, आणि एक लाख कोटींशी तिची तुलना केली तर ती हजारातला एक भाग भरते. तुलना काटेकोर नाही हे मला मान्य आहे. एकीकडे परत यायचे कर्ज आहे आणि दुसरीकडे अनुदान, शिवाय मोठा निधी अनेक क्षेत्रांचा आहे. तरीही सरकार कोणत्या कामाला मोठे समजते आणि कोणत्या कामाला किरकोळ, हे या दोन आकड्यांतून दिसतेच.

इथे कोणी म्हणेल की कर्जाला व्याजच नसेल तर त्यातून चाचणी करायला काय हरकत आहे? हरकत आहे, आणि ती हिशेबाची नसून प्रामाणिकपणाची आहे. चाचणी ही प्रश्न विचारण्याची क्रिया आहे आणि तिचे उत्तर ‘नाही’ येऊ शकले पाहिजे. ज्या कंपनीने चाचणीसाठी कर्ज काढले आहे तिला ‘नाही’ हे उत्तर परवडत नाही. मग रुग्णांची निवड थोडी सोयीची होते, मोजमाप थोडे सैल होते, नको तो निष्कर्ष कपाटात राहतो. यासाठी कोणी लबाड असण्याची गरज नाही, डोक्यावर हप्ता असणे पुरते. उलट चाचणीचा खर्च सार्वजनिक असेल, ती तिसऱ्याच संस्थेने केली आणि निकाल काहीही आला तरी तो प्रसिद्ध करण्याची अट असेल, तर नापास झालेल्या उपकरणातूनही पुढच्या दहा जणांना शहाणपण मिळते. ते शहाणपण कंपनीला विकता येत नाही, म्हणून त्यासाठी ती पैसे मोजणार नाही. बाजार ज्या वस्तूची किंमत करू शकत नाही ती वस्तू विकत घेणे हे तर सरकारचे जुने काम आहे.

यावरचा सर्वांत जोरकस आक्षेप उद्योगाच्या बाजूने येत नाही, तो सार्वजनिक आरोग्याच्या बाजूने येतो. जिथे प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधाचा साठा आणि परिचारिकेचे पद या साध्या गोष्टींची ओढाताण आहे, तिथे खासगी कंपन्यांच्या यंत्रांची परीक्षा सरकारी पैशाने का करायची? आणि यश आल्यावर नफा त्यांचा, किंमत मात्र रुग्णाने मोजायची? या आक्षेपाला टाळून पुढे जाता येणार नाही. माझे उत्तर दोन भागांत आहे. सरकार या यंत्रांसाठी आजही पैसे मोजतेच आहे. फक्त ते आयात यंत्राच्या किमतीत, त्याच्या सुट्या भागांत आणि देखभालीच्या करारात मोजते, आणि त्या बदल्यात कोणतेही ज्ञान इथे उरत नाही. दुसरे असे की सार्वजनिक पैशाने पुरावा मिळवणाऱ्या कंपनीवर अटी घालता येतात. सरकारी खरेदीसाठी कमाल किंमत आधीच ठरवणे, सुटे भाग किती वर्षे पुरवायचे याची हमी घेणे, कंपनी विकली गेली तरी या अटी नव्या मालकावर बांधील ठेवणे, हे सगळे पैसे देताना ठरवता येते, नंतर नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर कमाल मर्यादा आली तेव्हा केवढा गदारोळ उठला होता हे आठवावे. किंमत बाजारात रुळल्यावर खाली आणणे सरकारलाही जड जाते.

पुरावा मिळाला तरी गोष्ट संपत नाही, कारण खरेदी उरतेच. सरकारी निविदेत मागील तीन वर्षांची उलाढाल आणि तशाच पुरवठ्याचा पूर्वानुभव मागितलेला असतो. नव्या कंपन्यांना या अटींतून सूट देण्याचे आदेश २०१६ पासून आहेत. पण त्याच आदेशांच्या खुलाशात आरोग्य आणि सार्वजनिक सुरक्षेशी संबंधित वस्तूंसाठी खरेदीदार पूर्वानुभवाला प्राधान्य देऊ शकतो, अशी पळवाट ठेवलेली आहे. म्हणजे ज्या क्षेत्रात नव्या कंपनीला पहिले गिऱ्हाईक मिळणे सर्वांत अवघड, नेमके तेच क्षेत्र सवलतीतून सुटते. अपवादामागचे कारण खोटे नाही, कोणत्याही अधीक्षकाला अनोळखी कंपनीचे यंत्र अतिदक्षता कक्षात नको असते. मात्र अनुभवाची अट ही पुराव्याच्या जागी वापरलेली तडजोड आहे. जिथे स्वतंत्र चाचणीचा अहवाल हाती आहे तिथे उलाढालीचा दाखला मागण्यात काय अर्थ उरतो? परदेशी प्रमाणपत्राची अट घातलेल्या निविदांबद्दलही हेच म्हणता येईल. आपल्या नियामकाने दिलेल्या परवान्यावर आपल्याच रुग्णालयाचा विश्वास नसेल, तर तो परवाना सुधारावा. वॉशिंग्टन किंवा ब्रुसेल्सची मोहर मागत बसू नये.

खरेदीची साथ मिळाली की काय होते, याचे उदाहरणही आपल्याजवळ आहे. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ‘ट्रूनॅट’ हे बॅटरीवर चालणारे क्षयरोग निदानाचे यंत्र. त्यामागचे संशोधन बंगळुरूच्या बिगटेक प्रयोगशाळेत बरीच वर्षे चालले होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याची पारख केली, राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने ते वापरात आणले आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची शिफारस केली. वातानुकूलित प्रयोगशाळा आणि अखंड वीज गृहीत धरणाऱ्या यंत्रांपुढे तालुक्याच्या ठिकाणी चालणारे यंत्र टिकले, कारण ते त्या ठिकाणी वापरून पाहणारा आणि वापरून झाल्यावर विकत घेणारा, दोन्ही एकच सार्वजनिक कार्यक्रम होता. त्याच वर्षी करोनाच्या साथीत पुण्याच्या मायलॅबचा तपासणी संच पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासला गेला आणि मार्च महिन्यात त्याला मंजुरी मिळाली. संकटात जे खाते काही दिवसांत हलू शकते, ते एरवीही ठरलेल्या मुदतीत हलू शकेल, एवढीच अपेक्षा.

सुधारणांच्या काळात आणखी एक धोका असतो आणि त्याची चर्चा फार होत नाही. जुनी संस्था नव्या संस्थेत विलीन होते तेव्हा नव्या घोषणांकडे लक्ष जाते आणि चालू प्रकल्पांचे हप्ते मागे पडू शकतात. विद्यापीठातला प्राध्यापक सहा महिने हप्ता आला नाही तरी पगारावर तग धरतो. दहा माणसांची कंपनी सहा महिन्यांत मोडते आणि तिच्यातली चाचणी करणारी माणसे पांगली की चाचणीही मोडते. अर्धवट राहिलेल्या चाचणीत रुग्णांनी घेतलेला धोका वाया जातो, हा त्यातला सर्वांत वाईट भाग. न्यूझीलंडने जानेवारी २०२५ मध्ये आपली ‘कॅलाहन इनोव्हेशन’ ही संस्था बंद करून तिची कामे इतरत्र वाटण्याचे जाहीर केले. तिच्या आधारावर उभ्या असलेल्या कंपन्यांनी पुढे कोणाचे दार ठोठवायचे, हा प्रश्न तिथेही उभा राहिलाच असणार. आपल्याकडे निदान एवढा नियम हवा की रुग्णांवर चाचणी सुरू झालेल्या प्रकल्पाचे पैसे, पुनर्रचना कोणतीही होवो, आधी ठरलेल्या वेळापत्रकाने सुटतील.

राज्यांच्या पातळीवर याच काळात दुसरी एक सुधारणा चालू आहे. महाराष्ट्रात औषधे आणि उपकरणांच्या खरेदीचे काम आधी हाफकिन महामंडळाकडे होते, ते २०२३ च्या कायद्याने नव्या खरेदी प्राधिकरणाकडे गेले. दिल्लीत विज्ञानाची घडी बदलते आहे आणि मुंबईत खरेदीची, पण या दोन सुधारणा एकमेकींना ओळखत नाहीत. २०१७ पासून केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागात आरोग्य तंत्रज्ञानाच्या मूल्यमापनाची यंत्रणा आहे. एखाद्या साधनावर खर्च होणाऱ्या रुपयात रुग्णाचे किती भले होते, हे सांगणे हेच तिचे काम. तिच्या अहवालाने राज्याच्या खरेदी यादीत आपोआप काही बदलत नाही. राज्याच्या प्राधिकरणाने आपल्या वार्षिक खरेदीतला एक छोटा, ठरीव हिस्सा अशा सार्वजनिक चाचणीतून उतरलेल्या उपकरणांसाठी वेगळा ठेवावा, निकाल रुग्णालयांकडून वर्षभर नोंदवून घ्यावा आणि बिल सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या कायद्यातल्या ४५ दिवसांत चुकते करावे. यातली शेवटची अट दिसायला किरकोळ आहे, पण खेळते भांडवल नसलेल्या कंपनीला थकलेले बिल निविदा न मिळण्यापेक्षा लवकर बुडवते.

उरते ती रुग्णालयाची बाजू. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत रुग्ण भरपूर, आजारांचे वैविध्य भरपूर आणि वापर खडतर. उपकरणाची पारख करायला याहून चांगली जागा नाही. पण तिथल्या शिक्षक डॉक्टरला बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीतून या कामासाठी वेळ मिळत नाही, आणि त्याच्या पदोन्नतीत शोधनिबंध मोजले जातात, एखाद्या यंत्रातला दोष शोधून काढल्याचे श्रेय मोजले जात नाही. चाचणी समन्वयक, संख्याशास्त्रज्ञ आणि जैववैद्यकीय अभियंता अशी तीन-चार कायम पदे असलेला चाचणी कक्ष निवडक महाविद्यालयांत उभारायला एक लाख कोटींतला फार लहान तुकडा पुरेल. त्यासाठी तो तुकडा कर्ज म्हणून नव्हे तर परत न मागण्याच्या बोलीवर द्यावा लागेल, आणि नव्या संशोधन प्रतिष्ठानाच्या, म्हणजे ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’च्या, नियामक मंडळाने, ज्याचे अध्यक्ष स्वतः पंतप्रधान आहेत, तसा निर्णय घेतला तर आरोग्य, औषधनिर्माण आणि विज्ञान या तीन खात्यांना एका टेबलाशी बसवणे इतर कोणापेक्षाही त्यालाच सोपे जाईल.